'नवे बूट' कोणी लिहिलं

३ ऑगस्ट, रविवार

आणि हा ठाण्याचा कौस्तुभ परत तेच घेऊन बसलाय. चार दिवस मी टाइप करून करून बोटं दुखवली, आणि आज उठून बघतो तर ग्रुपवर ह्याचं उत्तर: "ड्रमर गाणी लिहीत नसतो, मित्रा." मित्रा म्हणे. तुझी माझी ओळख कधी झाली?

'खारो वारो' म्हणजे वेंगुर्ल्याचा रॉक बँड. मालवणीत रॉक म्हटलं की लोक हसतात. हसू देत. त्यांच्या दोन कॅसेट निघाल्या आणि आमच्या भागात एक वरात अशी नाही की त्यातलं गाणं वाजत नाही. अजय गायचा आणि गिटार वाजवायचा. ड्रमवर माझा मामा, दत्ताराम. बाकीचे येऊन-जाऊन. मी चार वर्षांचा असताना बँड मोडला, पण त्यांचा सराव आमच्याच पडवीत चालायचा. मोठा ड्रम अजून तिथे आहे, मामी त्यावर कोकमाची सोलं वाळवते.

आता वेंगुर्ल्याची आकांक्षा, साउंडचं शिकून आलेली, जुन्या टेपांवरून मोठी काळी रेकॉर्ड काढतेय. ह्या बाजूला पाच गाणी, त्या बाजूला पाच. दहाच मावतात. म्हणून ग्रुपवर मतं मागितलीत, आणि प्रत्येक गाण्याखाली लिहिणाऱ्याचं नाव छापायचंय. तिथेच जुंपलीय.

कौस्तुभचं म्हणणं, सगळं अजयचं. पुरावा काय, तर शेवटच्या कडव्यात 'अजय म्हणता' असं येतं. एवढा शिकलेला माणूस, पण जन्मात भजनाला बसला नसावा. आमच्याकडे भजनात गाणं कोणीही जोडो, पखवाजवाला जोडील, मागचा झांजवाला जोडील, शेवटी नाव बुवाचंच घालायचं. बुवा पुढे बसतो, नाव त्याचं. त्यात चोरी नाही, ती रीत आहे. मामा बँडच्या आधी भजनात पखवाज वाजवायचा. त्यांनी रीत तीच ठेवली असणार. अजय म्हणजे त्यांचा बुवा.

हे सगळं लिहिलं. मी नववीतून सुटलो, जोडाक्षरं चुकतात, त्यावर पण कोणीतरी हसल्याचं चित्र टाकलं.

५ ऑगस्ट

मस्कतात आज इतकं गरम की लॉण्ड्रीच्या आत बरं वाटत होतं. आत वाफ आणि बाहेर आग. आठ महिने झाले, अजून मन रमत नाही. गोव्याची कंपनी सोडली, रत्नागिरीचा बर्फाचा कारखाना सोडला, आता इथे हॉटेलच्या चादरी. एकजण म्हणतो गाड्या धुण्याचं काम आहे, पगार बरा. बघू.

मामाला फोन केला. म्हटलं, "मामा, 'नवे बूट' तूच लिहिलंस मा? एकदा सांग, मी सगळ्यांची तोंडं बंद करतो."

"सोड रे ता. खंयची जुनी भानगड."

"सोडू कसा? तुझा नाव लागाक होया."

"माझ्या नावान काय माडाक नारळ लागतले?"

"अजयान सगळा खाल्ल्यान."

"अजयान काय खाल्ल्यान नाय," मामा एकदम म्हणाला. मग, "तू जेवलंस? बाय विचारी होती. तिका फोन कर. आणि ह्या गाण्याचा तिच्याकडे बोला नको, तिका तसलो आवाज सोसना नाय."

बाय म्हणजे माझी आई, मामाची धाकटी बहीण. मी दीड वर्षांचा असताना माझा बापूस मुंबईला गेला तो परत आला नाही, तेव्हापासून ती आणि मी मामाकडेच. मामाने कधी हिशेब काढला नाही. असा माणूस. स्वतःचं नाव मागायला लाजतो, म्हणून लोक डोक्यावर बसतात.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. आज मतांची मोजणी बघितली. 'नवे बूट' दुसऱ्या नंबरवर. पहिल्या बाजूचं पहिलं गाणं हेच पाहिजे, सुई टेकली की ड्रम. एक-दोन मतं कमी पडतात. म्हणून मी आईलाच ग्रुपमध्ये घेतली. मामाने तिच्याकडे बोलू नको म्हटलं होतं, पण मत द्यायला आवाज कुठे लागतो. मोठं लिहिलेलं ती वाचत नाही, पण लोकांनी बोलून पाठवलेलं सगळं ऐकते. फोन करून शिकवलं, कुठे दाबायचं.

"माझा पण मत आसा?" ती म्हणाली.

"आसा तर. काजूच्या कारखान्यातल्या बायकांका पण विचार."

"आणि खंयच्या गाण्याक देव?"

"'नवे बूट'."

मागे कोंबडी ओरडत होती. मग म्हणाली, "त्या होडीचा गाणा आसा मा, हळूसा, ता बरा."

"आये, ता कोण ऐकता? 'नवे बूट' लागला की म्हातारे नाचतत."

"नाचूंदेत. मी होडीक देतंय."

वय झालं की आवड पण म्हातारी होते. आई पंचेचाळीसचीच आहे तशी.

मला तर ते गाणं झोपेत पण येतं. बाबलो म्हणून एक माणूस आहे, तो बायकोला फसवून पळतो:

आंबोलीक जातंय म्हणान गेलो बाबलो,
मेवण्याचे नवे बूट घालून गेलो.
गाडी इली, पाऊस इलो, रविवार इलो,
बूट काय इले नाय, बाबलो नाय इलो.

आणि मग मामाचा तो ठोका, आणि शेवटाला:

अजय म्हणता, दाराक कडी घाल गो बाय,
पाय गेले ते गेले, बूट येवचे नाय.

बायकोच्या भावाचे बूट. ह्या एका गोष्टीवर सगळे खदाखदा हसतात.

९ ऑगस्ट

सापडलं. चादरी घड्या करताना डोक्यात आलं आणि हातातलं काम टाकून बाहेर पळालो.

मामी मामाला चिडवते तेव्हा एक गोष्ट सांगते. मामाने बँडच्या पैशातून पहिल्यांदा गोव्याहून काळे बूट आणले होते, स्टेजवर घालायला, आणि दोनदा पण घातले नसतील तोवर चोरीला गेले. मामा ह्या गोष्टीवर कधी हसत नाही, उठून जातो. म्हणजे बूट मामाचे. म्हणजे गाणं मामाचं. अजयचे बूट कुठे गेले होते?

ग्रुपवर बोलून टाकलं, लिहीत बसलो नाही. "ज्येचे बूट गेले, तेनाच गाणा लिवल्यान. माझ्या मामाचे गेले. आता बोला." वरून भजनाची रीत पण परत सांगितली. धडाधड अंगठे आले. मिठबावचा एकजण म्हणाला, हा पोरगा वकील होऊक होयो होतो.

आज पगाराच्या दिवसापेक्षा बरं वाटतंय.

१२ ऑगस्ट

आकांक्षाने लिहिलं की वाद ग्रुपवर मिटणार नाही, तिने थेट अजयलाच विचारलंय. तो पुण्याला मुलीकडे असतो, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण उत्तर देणार आहे. मी लिहिलं, बरं झालं, देवासमोरच होऊ दे.

मामाला सांगायला फोन केला तर उचलला नाही. मामीने उचलला. म्हणाली, तो दोन दिवस जेवूक नाय नीट, तू काय केलंस? मी म्हटलं, मी चांगलंच केलंय, तुला कळेल.

'नवे बूट' एक नंबरवर आलं.

१४ ऑगस्ट

अजय बोलला. सकाळच्या चहाच्या वेळेत ऐकलं. तीन वेळा ऐकलं. आधी बरं वाटलं आणि मग काय झालं ते मला नीट लिहिता येत नाहीये. तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहितो.

"नमस्कार मंडळी. 'नवे बूट' दत्तारामचंच. शब्दपण त्याचे, मूळ चालपण त्याची. माझं नाव त्यानेच घातलं. रीत होतीच, पण त्याच्यामागे दुसरं कारण होतं. गाण्यातलं सगळं त्याच्याच घरात झालेलं. मेवणो त्याचोच पळालेलो, बूट घालून. घरात बहीण होती, मांडीवर पोर. तिला कळता कामा नये की हे भावाने लिहिलंय, म्हणून दत्ताराम म्हणाला, तूच घे. मी घेतलं. तेवीस वर्षं टाळ्या मी घेतल्या. आता दोघे म्हातारे झालो, ज्याचं त्याला देऊया. पोर कोण होतं ते आता मोठं झालं असेल. त्याला माझा आशीर्वाद."

मांडीवर पोर.

मी तिथेच उभा होतो. बरोबर काम करणारा नेपाळी म्हणाला, चल, बेल झाली. आत जाऊन चादरीच्या रोलरमध्ये उशांचे अभ्रे घालत बसलो. सुपरवायझर काय बोलला ऐकू आलं नाही.

बाबलो माझा बापूस आहे. मी त्याच्यावर नाचलोय. शाळेच्या गॅदरिंगला स्टेजवर मी बाबलो झालो होतो, मामाच्या चपला पायात, मोठ्या, फटक फटक. पहिलं बक्षीस. आई समोर बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या की नाही, आठवत नाही. किती आठवायचं बघतोय, तिचं तोंडच येत नाही डोळ्यासमोर.

आणि बाजारात. पोरं तिला बघून शीळ घालायची, त्याच गाण्याची. मला वाटायचं, मामा ड्रमवाला म्हणून. मला अभिमान वाटायचा.

१४ ऑगस्ट, परत

आई ग्रुपमध्ये आहे. मीच घेतलीय.

मेसेज दाबून धरला की कोणी ऐकला ते दिसतं. नावं खाली खाली जात होती, मिठबाव, ठाणे, आकांक्षा. आणि 'आये'.

१५ ऑगस्ट

आईचा फोन बंद. मामाचा लागतो, उचलत नाही. मामीने एकदाच उचलला, म्हणाली, "आता फोन कित्याक करतंस? होता ता झाला." आणि मागे कोणीतरी भांडं आपटल्यासारखं.

गाणं काढून टाका असं आकांक्षाला लिहिलं. ती म्हणाली, "सत्यवान, परवाच तर तू एक नंबरला आणलंस." मग म्हणाली, घरच्यांनी सांगितलं तर काढते, पण घरच्यांनी, तू एकट्याने नाही.

कौस्तुभचा मेसेज: "माफ कर भावा, तू बरोबर होतास. तुझा मामा ग्रेट आहे." खाली हात जोडलेले. मी एवढा वेळ ह्याच वाक्यासाठी भांडत होतो.

१७ ऑगस्ट

आज आई बोलली. आवाज नेहमीसारखा. त्यानेच जास्त घाबरलो.

"कामावर गेलंस काय?"

"गेलंय. आये, माका ठावक नव्हता."

"तुका खंयसून ठावक आसतला. तुका मुंबई सांगितलेली मिया. तो मुंबईक नाय गेलो. आम्ही तेव्हा दत्त्याकडेच रवाक इलेलो, आंबोलीक हॉटेलात काम मिळता म्हणालो. चपलेचो अंगठो तुटलेलो, म्हणान दत्त्याचे बूट घातल्यान. मीच काढून दिलंय. पुसून."

मी खोलीबाहेर येऊन जिन्यावर बसलो.

"मगे कोणीतरी तेका बेळगावात बघितल्यान म्हणी होते. बूट होते पायात."

ह्यावर ती जरा हसली असं मला वाटलं. हसलीच असेल असं नाही.

"आये, तुका कोणी लिवला ता..."

"माका वाटा अजयान लिवल्यान. तू ग्रुपार बोललंस ता पण मिया खरा मानूक नाय. तेवीस वर्सां मिया अजयाक शिव्या घातलंय, झिला. एकदा चवथीक आमच्याकडे इलेलो, पुण्यासून, माका हात जोडल्यान. मी तेका पाणी पण इचारूक नाय. आणि दत्तो थयसरच बसलेलो. मोदक खाय होतो."

कारखान्याच्या बायका मागे बोलत होत्या.

"तो ड्रम वाजवी तेचा माका कधी वाईट वाटूक नाय," ती म्हणाली. "म्हटलंय, तेचो धंदो तो. गायणारो गाता, वाजवणारो वाजयता. पण माझ्या हातचा जेवान जेवून, हात धुवन, माझ्याच घोवाचा गाणा लिवक बसलो. आणि लोक हसले ते घेऊन घराकडे इलो, पिशवी भरून मासे घेऊन. मिया ते रांदलंय."

मी विचारलं, आता कुठे आहेस. म्हणाली, खंय जातलंय, घरातच आसंय. पडवीत चूल मांडलंय. एका घरात वेगळी चूल. आमच्याकडे भावाभावांच्या होतात. बहीण-भावाची मी कधी ऐकली नाही.

१९ ऑगस्ट

मामाचा फोन, तोही कामाच्या वेळेत. घेतला.

आधी, जेवलंस काय, ते विचारलं. मग म्हणाला, "मिया हसूचा म्हणान लिवक नव्हता रे."

"मग कित्याक लिवलंस?"

"राग इलेलो. रडाक येय. घरात रडलंय तर बाय बघतली. म्हणान लिवलंय. माझा गाणा हळू होता, एकदम हळू. बूट येवचे नाय, ह्या रडण्याचा होता. मिया अजयाक ऐकवलंय. तो म्हणालो, चाल बरी आसा, पण जरा जोरात घे. मगे तो जोरात गायलो आणि पयल्याच कार्यक्रमात लोक हसले. मगे काय सांगतलंय तेंका, हसा नको म्हणान?"

"बंद तरी करूचा होतास."

"त्या गाण्यार माणसा येय होती. कॅसेट खपली. तुझी शाळेची फी..." आणि थांबला. बरं झालं थांबला. ते वाक्य त्याने पुरं केलं असतं तर मी काहीतरी बोललो असतो.

म्हणजे शब्द मामाचे, हसणं अजयचं. चाल मामाची, पण पळवली अजयने. ग्रुपवर एवढे दिवस आम्ही जे विचारत होतो त्याचं उत्तर मला आता माहीत आहे आणि कोणाला सांगावंसं वाटत नाही. गाणं हळू असतं तर आईला कोणी शीळ घातली नसती. पण तरी गाणं तिच्यावरचंच राहिलं असतं.

मामा म्हणाला, "तूच सांग आकांक्षाक, माझा नाव नको. अजयाचाच ठेय. गाणाच नको."

म्हटलं, सांगतो. मला तेच पाहिजे होतं.

२० ऑगस्ट

आकांक्षाला लिहिण्याआधी आईला सांगितलं. वाटलं, तिला बरं वाटेल. गाणं काढतो, मामाचं नाव पण जातं, संपलं.

"कोणी सांगल्यान काढूक?"

"मामा म्हणता."

"दत्तो म्हणता काय." मग एकदम, "काढूचा नाय."

"आये?"

"गाणा ठेव. आणि खाली तेचा नाव घाल. दत्ताराम म्हणान, पुरा, वडलांच्या नावासकट. मोठ्या अक्षरांनी. इतकी वर्सां लपलो मा त्या अजयाच्या मागे, आता पुढे येवंदे. बाजारात लोक गातले, तेव्हा तेच्याकडे बघून गावंदेत."

मी एवढे दिवस मामाला जे मिळवून द्यायला भांडलो, तेच ती देतेय, आणि शिक्षा म्हणून देतेय. आणि मी नाही म्हणू कसं, ग्रुपवर माझाच आवाज आहे.

"पण एक," आई म्हणाली. "पयला घालू नको. ती रेकॉर्ड का काय ती, तेचा शेवट खंय येता?"

"दुसऱ्या बाजूक. पाचवा."

"थय घाल. बाकीची नऊ माका ऐकूची आसत. होडीचा आसा, ता बरा आसा. ती झाली की मी बंद करीन."

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आकांक्षाला तसंच कळवलं. तिने मामाला फोन केला, कारण नाव छापायला त्याची हो पाहिजे. मामी सांगत होती, मामा फोन हातात घेऊन पडवीत गेला. आई चुलीजवळ बसली होती. मामाने विचारलं, "बाय, घालू?" आईने वर न बघता सांगितलं, "घाल." मग तो आकांक्षाला हो म्हणाला आणि तिथेच खांबाला टेकून बसला. आईने त्याला उठ म्हटलं नाही. चहा पण दिला नाही. पण मामी म्हणते, तिने त्याच्या समोरूनच कढई नेली आणली, आत गेली नाही. मामीला ह्यात काहीतरी दिसतंय. मला काय वाटावं ते कळत नाही.

ग्रुपवर यादी आली. दुसरी बाजू, पाचवं: नवे बूट. गीत व चाल: दत्ताराम, पुढे आजोबांचं नाव, आडनाव. कौस्तुभ विचारतो, एक नंबरचं गाणं शेवटी का? ज्याला जास्त मतं ते पहिलं, हा नियम नाही का? मिठबाववाला पण त्याच्या बाजूने. सगळे माझ्याकडे बघतायत, सत्यवान कुठे गेला, वकील कुठे गेला. मी ग्रुप सोडला. आईला विचारलं, तुला पण काढू का. म्हणाली, नको, लोक काय बोलतात ते ऐकतंय.

२५ ऑगस्ट

गाड्या धुण्याच्या कामाला नाही म्हटलं. ह्या वेळी इथेच राहतो, निदान एक वर्ष.

चवथ परवावर आली. आई म्हणते, मामाच्या गणपतीला ती नमस्कार करणार, आरतीला उभी राहणार, पण नैवेद्य तिचा वेगळा. मामाने विचारलं म्हणे, मोदक कितीजणांचे करतंस. ती म्हणाली, माझ्यापुरते.

मी आजवर पैसे मामाच्या खात्यावर टाकायचो, तो काढून तिला द्यायचा. गेल्या आठवड्यात ती कारखान्यातल्या एका बाईला घेऊन बँकेत गेली आणि स्वतःचं खातं उघडून आली. पासबुकाचा फोटो पाठवला. सही तिचीच, थोडी वाकडी. गॅसची शेगडी घे, पडवीत धूर नको, असं मी सांगितलं. ती म्हणाली, बघतंय.

आज पाठवले, आईच्या खात्यावर: चौदा हजार पाचशे रुपये.